‘ब्लॅक मिरर’ पाहायला सुरुवात करताना : नव्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

‘ब्लॅक मिरर’ या विज्ञानकथांच्या इंग्रजी मालिकेचे नाव ऐकून मोठ्या उत्सुकतेने पहिला भाग लावला, वीस मिनिटांत बंद केला आणि पुन्हा त्या वाटेला गेलो नाही, असे सांगणारी माणसे मला वारंवार भेटतात. मी स्वतःही त्यांच्यातलीच एक होते. पुढे काही महिन्यांनी एका मैत्रिणीने तिसऱ्या भागापासून सुरुवात करायला लावली, तेव्हा कुठे आपण केवढे मोठे काम बाजूला सारले होते याची जाणीव झाली. या मालिकेच्या बाबतीत कोणता भाग आधी आणि कोणता नंतर पाहावा याला फार महत्त्व आहे, आणि नेमके तेच नवख्या प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख. कथांचे शेवट यात उघड केलेले नाहीत; प्रत्येक भागाच्या सुरुवातीच्या टप्प्यात जे कळते तेवढेच सांगितले आहे.

पहिली पायरी : आपण काय पाहणार आहोत ते समजून घ्यावे

ही एक सलग गोष्ट नाही. दिवाळी अंकातल्या कथा जशा एकमेकींपासून स्वतंत्र असतात, कोणतेही पान उघडून कोणतीही कथा आधी वाचता येते, तसेच इथे आहे. प्रत्येक भागात पात्रे नवी, कलाकार नवे, जग नवे. भाग संपला की ते जगही संपते. भागांची लांबीसुद्धा सारखी नाही. ‘मेटलहेड’ जेमतेम ४१ मिनिटांत आटोपतो, तर ‘हेटेड इन द नेशन’ जवळपास दीड तासाचा आहे. त्यामुळे रात्री जेवण झाल्यावर ‘एक भाग पाहून झोपू’ असे ठरवताना आधी वेळ पाहून घ्यावा.

मालिकेचा कर्ता चार्ली ब्रूकर हा इंग्लंडमधला लेखक. त्याने आधी व्हिडिओ गेमच्या मासिकात आणि नंतर ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रात दूरचित्रवाणीचा समीक्षक म्हणून लेखन केले. पडद्यावरचे खेळ, स्पर्धांचे कार्यक्रम आणि जाहिराती त्याच्या कथांत पुन्हा पुन्हा का येतात, याचे उत्तर या पूर्वायुष्यात आहे. पहिला भाग ४ डिसेंबर २०११ रोजी ब्रिटनच्या ‘चॅनल ४’ वाहिनीवर दाखवला गेला. त्या वाहिनीवर तीन-तीन भागांची दोन पर्वे आणि डिसेंबर २०१४ मधला नाताळचा एक विशेष भाग एवढेच झाले. त्यानंतर मालिका नेटफ्लिक्सकडे गेली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तिसरे पर्व आले. भारतात नेटफ्लिक्स त्याच वर्षीच्या जानेवारीत सुरू झाले होते, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांची या मालिकेशी ओळख या पर्वापासूनची आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेले सातवे पर्व धरून एकूण ३३ भाग होतात.

नावाचा अर्थही आधीच सांगते. मोबाइल, दूरचित्रवाणी संच किंवा संगणक बंद केला की पडदा काळा पडतो आणि त्या काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसतो; तोच हा काळा आरसा. प्रत्येक भागाच्या आरंभी अक्षरे जुळून येतात आणि मग काचेला तडा जातो, त्याकडे एकदा नीट पाहावे.

दुसरी पायरी : भाग लावण्याआधी दोन-तीन गोष्टी करून ठेवाव्यात

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करणे. नेटफ्लिक्सच्या संकेतस्थळावर आपल्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये हा पर्याय मिळतो. हे केवळ शिस्तीसाठी सांगत नाही. ‘व्हाइट बेअर’ आणि ‘सॅन जुनिपेरो’ या भागांमध्ये श्रेयनामावली सुरू झाल्यावरही गोष्ट चालूच राहते. नावे वर सरकू लागली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते, पुढच्या भागाची पाटी झळकते, आपण रिमोट उचलतो, आणि दिग्दर्शकाने मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलेले आपल्या हातून निसटते. म्हणून पडदा पूर्ण काळा होईपर्यंत जागेवरून उठू नये.

इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवावीत. सुरुवातीच्या भागांतली पात्रे ब्रिटनच्या निरनिराळ्या भागांतल्या लकबीने भराभर बोलतात, आणि एखाद्या यंत्राचे किंवा कंपनीचे नाव कानावरून निसटले तर पुढचा संदर्भ लागत नाही. इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनीही यात कमीपणा मानू नये.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. या मालिकेत पडद्याच्या एका कोपऱ्यातली लहानशी खूण, भिंतीवरची जाहिरात, कोणाच्या डोळ्यांत आलेली पांढुरकी झाक यांतून गोष्ट सांगितली जाते. एक संदेश वाचायला मान खाली घातली तर तेवढ्यात काहीतरी हुकते.

आणखी एक, मुलांविषयी. ही मालिका प्रौढांसाठी आहे. हिंसा, लैंगिक प्रसंग, आत्महत्येचे उल्लेख आणि मनाला दीर्घकाळ त्रास देणारी दृश्ये तिच्यात आहेत. विज्ञानकथा आहे म्हणून शाळकरी मुलांना सोबत घेऊन बसू नये. रविवारी दुपारी सगळ्या घरासमोर लावण्याजोगेही हे नाही. आधी एकट्याने किंवा समवयस्क व्यक्तीसोबत पाहावे.

तिसरी पायरी : पहिला भाग निवडावा

अनुक्रमाने पहिला असलेला ‘द नॅशनल अँथम’ हा भाग पहिला म्हणून पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राजघराण्यातल्या एका तरुणीचे अपहरण होते आणि तिच्या सुटकेसाठी पंतप्रधानांकडे अशी घृणास्पद मागणी केली जाते, की ऐकूनच पुष्कळ जण दूरचित्रवाणी बंद करतात. भाग वाईट नाही. गर्दीची बघ्याची वृत्ती आणि घडीघडीला बदलणारे जनमत यांवर त्याने ठेवलेले बोट अगदी नेमके आहे. परंतु त्यात भविष्यातले यंत्र एकही नाही, आणि पुढच्या भागांचा पोत कसा असेल याची त्यावरून काहीच कल्पना येत नाही. आठ-दहा भाग झाल्यावर त्याच्याकडे परतावे.

सुरुवात ‘दि एंटायर हिस्टरी ऑफ यू’ या पहिल्या पर्वातल्या तिसऱ्या भागाने करावी. तो ब्रूकरने लिहिलेला नाही; जेसी आर्मस्ट्राँग या लेखकाचा आहे. त्या जगात बहुतेकांच्या कानामागे ‘ग्रेन’ नावाचे, खरोखरच दाण्याएवढे यंत्र बसवलेले असते आणि माणूस जे जे पाहतो, ऐकतो ते सगळे त्यात साठते. हातातल्या छोट्या नियंत्रकाने मागचा कोणताही क्षण डोळ्यांसमोर पुन्हा आणता येतो किंवा भिंतीवरच्या पडद्यावर चारचौघांना दाखवता येतो. बाकी सगळे आपल्या ओळखीचे आहे : नवरा-बायको, पाळण्यातली मुलगी, मित्रांकडचे जेवण, नोकरीची काळजी.

लियम हा तरुण वकील कामाच्या मूल्यमापनाची मुलाखत देऊन टॅक्सीत बसतो आणि तीच मुलाखत पुन्हा पाहू लागतो. समोरच्या अधिकाऱ्याचे एक वाक्य जरा तुटक होते का? तो ते मागे नेतो, पुन्हा ऐकतो. मुलाखतीहून परतताना बसच्या खिडकीशी बसून हेच आपण मनातल्या मनात करत असतो. आपली आठवण हळूहळू पुसट होते आणि आपली सुटका होते, त्याची मात्र होत नाही. त्याच रात्री जेवणाच्या टेबलाशी त्याची बायको एका जुन्या ओळखीच्या माणसाच्या विनोदावर हसते, आणि ते हसू तो घरी घेऊन येतो. घरी आल्यावर तान्ह्या मुलीच्या ग्रेनमधली दृश्ये लावून, सांभाळणाऱ्या बाईने तिच्याशी नीट वागणूक ठेवली ना, हेही पाहिले जाते. कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. माझ्या दृष्टीने या सबंध मालिकेतला सर्वांत थंडगार क्षण तो आहे, कारण त्यात कोणी दुष्ट नाही. काळजी करणारे आई-बाप आहेत, आणि त्यांच्या हाती सोय आली आहे.

या भागाने सुरुवात केली म्हणजे मालिकेची रीत एकदम लक्षात येते. जगात एकच गोष्ट बदलायची, बाकी माणूस होता तसाच ठेवायचा, आणि काय होते ते शांतपणे पाहत राहायचे. यंत्र बिघडल्यामुळे इथे सहसा काही वाईट होत नाही. ते अगदी व्यवस्थित चालते, आणि संशय, एकटेपणा, मत्सर, नाव मिळवण्याची हाव या जुन्याच दुखण्यांना हातभार लावते. यंत्रांची भीती घालणारी मालिका अशी हिची ख्याती आहे, ती मला अन्यायाची वाटते.

चौथी पायरी : पुढचे चार भाग

दुसऱ्या बैठकीसाठी ‘बी राइट बॅक’ घ्यावा, फक्त घरात नुकतेच कोणी गेले असेल तर मात्र थांबावे. मार्था आणि ॲश हे जोडपे गावाबाहेरच्या घरात राहायला येते, आणि लगेचच ॲश अपघातात जातो. एक सेवा त्याने समाजमाध्यमांवर लिहिलेल्या मजकुरावरून त्याच्यासारखे बोलणारे रूप तयार करते. मार्था आधी त्याला लिहिते, मग त्याच्या आवाजात फोनवर बोलू लागते. एकदा फोन तिच्या हातून निसटून जमिनीवर आपटतो, आणि ॲशला दुसऱ्यांदा गमावल्यासारखी ती कासावीस होते. हा भाग फेब्रुवारी २०१३ मधला आहे. मृत व्यक्तीच्या संदेशांवरून तिच्यासारखे बोलणाऱ्या प्रणाली आता प्रत्यक्षात आल्या आहेत, पण भागाचे मोल भविष्य अचूक ओळखण्यात नाही. माझी आजी गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिने पाठवलेला बारा सेकंदांचा आवाजी संदेश, ‘पोचलीस की फोन कर’ एवढाच, मी अजून पुसलेला नाही. मार्थाने पुढे जे जे केले त्यातले मी काय काय केले असते, याचे उत्तर मला हा भाग पाहताना सोपे गेले नाही.

तिसऱ्या दिवशी ‘नोजडाइव्ह’. प्रत्येक भेटीनंतर माणसे एकमेकांना पाचपैकी गुण देतात आणि त्या सरासरीवर घर, तिकीट, ओळखीपाळखी सगळे ठरते. लेसी या तरुणीला ४.२ वरून ४.५ वर पोचायचे आहे, कारण त्याशिवाय तिला हव्या त्या घराच्या भाड्यात सवलत मिळणार नाही. सगळे जग फिक्या गुलाबी-निळ्या रंगांत न्हालेले, सगळ्यांचे आवाज गोड. बिस्किटाचा चावा घेऊन ते कॉफीच्या कपाशेजारी कसे ठेवले म्हणजे फोटो चांगला येईल, याचा विचार करणारी लेसी पाहताना हसू येते आणि मग आपल्या फोनमधले फोटो आठवतात. हा भाग तुलनेने हलका आहे, म्हणून दोन गंभीर भागांच्या मध्ये तो बसतो.

चौथा ‘फिफ्टीन मिलियन मेरिट्स’. ब्रूकरने तो पत्नी कोनी हक यांच्यासह लिहिला. तरुण मुले-मुली दिवसभर जागच्या जागी सायकली मारतात, त्याचे गुण कमावतात आणि रात्री चारही भिंती म्हणजे पडदे असलेल्या खोलीत झोपतात. जाहिरात टाळायची तर गुण कापले जातात. डोळे मिटले तर कर्कश आवाज सुरू होतो आणि ‘पाहणे सुरू ठेवा’ अशी आज्ञा होते. सायकल मारून मिळवलेले गुण खर्च होतात ते पडद्यावरच्या आपल्या बाहुलीसाठी कपडे घेण्यात. तिथून बाहेर पडण्याची एकच वाट आहे, गुणदर्शनाच्या स्पर्धेचे तिकीट, आणि त्याची किंमत शीर्षकातच आहे. नायकाच्या भूमिकेत डॅनियल कलूया आहे. पुढे ऑस्कर मिळवलेल्या या नटाचे शेवटाकडचे भाषण एका दमात पाहावे, मध्ये थांबवू नये. पहिली वीस मिनिटे संथ वाटतील, पण तो संथपणा त्या मुलांच्या दिवसाचा आहे, धीर धरावा.

पाचवा ‘सॅन जुनिपेरो’, आणि त्याविषयी मी जवळजवळ काहीच सांगणार नाही. १९८७ साल, समुद्रकाठचे शहर, नाचगाण्याची रात्र, दोन तरुणी एकमेकींना भेटतात. एवढ्यावर थांबावे, कुठेही सारांश वाचू नये. या भागाला २०१७ मध्ये दोन एमी पुरस्कार मिळाले. आधीचे चार भाग पाहून मन जड झाले असेल तर हा भाग ते हलके करतो, आणि चार झाल्यावरच तो पाहावा असे मी सुचवते ते याचसाठी : काळोखाची सवय झाल्याशिवाय या उजेडाची किंमत कळत नाही.

पाचवी पायरी : जिथे क्रम पाळायलाच हवा

भाग स्वतंत्र आहेत हे खरे, तरी थोडे अपवाद आहेत. सातव्या पर्वातला ‘यूएसएस कॅलिस्टर : इन्टू इन्फिनिटी’ हा चौथ्या पर्वातल्या ‘यूएसएस कॅलिस्टर’चा पुढचा भाग आहे, आधीचा पाहिल्याशिवाय तो लावू नये. चौथ्या पर्वाच्या शेवटी येणारा ‘ब्लॅक म्युझियम’ एका संग्रहालयात घडतो आणि तिथल्या काचपेट्यांमध्ये आधीच्या भागांतल्या वस्तू मांडलेल्या आहेत. निदान पहिली तीन पर्वे झाल्यावर तो पाहिला तर एकेका वस्तूपाशी थबकायला होते. नाताळचा विशेष भाग ‘व्हाइट ख्रिसमस’ नेटफ्लिक्सवर दुसऱ्या पर्वाच्या शेवटी जोडलेला आहे. त्यात तीन गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत आणि सुमारे सव्वा तास सलग लक्ष द्यावे लागते, म्हणून तो सुट्टीच्या दिवसासाठी ठेवावा. मला विचाराल तर रचनेच्या दृष्टीने हा सर्वांत पक्का भाग आहे.

‘बँडरस्नॅच’विषयी नवे लोक हमखास विचारतात. २८ डिसेंबर २०१८ रोजी आलेला हा चित्रपट प्रेक्षकाला नायकाच्या वतीने निर्णय घ्यायला लावणारा होता. नाश्त्याला दुधात घालून कोणते तयार धान्य (सीरियल) खायचे इथपासून निवड सुरू होई आणि त्यानुसार कथा फाटे घेई. मे २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. सातव्या पर्वातल्या ‘प्लेथिंग’मध्ये त्यातली दोन पात्रे पुन्हा दिसतात, तरी ‘बँडरस्नॅच’ न पाहताही तो भाग समजतो.

सहावी पायरी : आपल्या प्रकृतीप्रमाणे पुढची निवड करावी

इथून पुढे सर्वांना एकच वाट सांगता येणार नाही. नातेसंबंधांच्या गोष्टी आवडत असतील तर ‘हँग द डीजे’ पाहावा. पोलिसी तपास आवडत असेल तर ‘हेटेड इन द नेशन’ आहे. मधमाश्या नष्ट झाल्यावर त्यांच्या जागी आणलेल्या यांत्रिक माश्या आणि समाजमाध्यमांवरचा सामूहिक तिरस्कार यांची त्यात सांगड आहे. पाठलागाचा निव्वळ थरार हवा असेल तर कृष्णधवल ‘मेटलहेड’, ज्यात संवाद अगदी मोजके आहेत. लहान मुलांचे पालक असाल तर ज्योडी फॉस्टर यांनी दिग्दर्शित केलेला ‘आर्केंजल’ चुकवू नये. मुलीच्या डोक्यात बसवलेल्या यंत्रातून आई तिच्यावर नजर ठेवते, आणि तिचे पहिले पाऊल तुम्हालाही पटलेले असते.

सातव्या पर्वातला ‘कॉमन पीपल’ मात्र मी सर्वांनाच पाहायला सांगते. शाळेत शिकवणाऱ्या अमांडाचा जीव एका कंपनीच्या तंत्रज्ञानामुळे वाचतो. शस्त्रक्रिया फुकट, नंतर दरमहा वर्गणी. कालांतराने जुनी वर्गणी कनिष्ठ दर्जाची ठरते. वर्गात शिकवता शिकवता अमांडाच्या तोंडून तिच्याही नकळत जाहिरात बाहेर पडते, मुले बघत राहतात, आणि ती न थांबता पुढे शिकवू लागते. ते बंद व्हायला हवे असेल तर वरची योजना घ्यायची. दरमहा चार-पाच ॲपचे पैसे खात्यातून परस्पर कापले जाणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. पडद्यावरचा नवरा, वेल्डिंगचे काम करणारा माइक, जादा पाळ्या घेऊन तो हप्ता कसा भरत राहतो हे पाहताना मला इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसे आठवली.

आता थांबून पाहण्याचे भाग. ‘शट अप अँड डान्स’, ‘व्हाइट बेअर’ आणि ‘क्रोकोडाइल’ हे तिन्ही अतिशय कठोर आहेत. यांतले दोन एका दिवशी पाहू नयेत, आणि मन आधीच खचलेले असताना तर एकही पाहू नये. सहाव्या पर्वातले ‘मेझी डे’ आणि ‘डीमन ७९’ तंत्रज्ञानापेक्षा भयकथेकडे झुकतात. त्यांपैकी दुसरा मला मनापासून आवडला, परंतु नव्याने येणाऱ्याने तो मालिकेचा नमुना समजू नये. ‘द वॉल्डो मोमेंट’ आणि पाचव्या पर्वातला ‘रेचेल, जॅक अँड ॲश्ली टू’ हे मला इतरांच्या तुलनेत उणे वाटतात; वेळ कमी असेल तर ते शेवटी पाहावेत.

सातवी पायरी : भाग संपल्यावर

एका रात्री एकच भाग, हा नियम पहिल्या महिन्यात तरी पाळावा. सलग तीन पाहिले की धक्क्याची सवय होते, मग आपण फक्त शेवटचा पेच ओळखण्याच्या नादी लागतो, आणि या मालिकेत पेचापेक्षा त्याच्या आधीची घरगुती चाळीस मिनिटे अधिक मोलाची आहेत. भाग संपल्यावर सोबतच्या माणसाशी बोलताना ‘शेवट कळला का’ असे न विचारता, ‘हे यंत्र पहिल्यांदा घरात आले तेव्हा तू नको म्हटले असतेस का’ असे विचारून पाहावे. आमच्याकडे या प्रश्नावर रात्री एक-एक वाजेपर्यंत बोलणे झाले आहे, आणि ‘नको’ म्हणणारे फारच थोडे निघाले. ज्यांना टिपणे ठेवायची सवय आहे त्यांनी प्रत्येक भागासाठी एवढेच लिहावे : सोय कोणती मिळाली, ती कोणी मागितली होती, आणि तिचे पैसे शेवटी कोणाकडे गेले.

सातव्या पर्वातला ‘यूलॉजी’ हा भाग सर्वांत शेवटी राखून ठेवावा. पॉल जिआमाटी यांनी उभा केलेला एकटा, उतारवयातला माणूस एका यंत्राच्या साहाय्याने आपल्या जुन्या छायाचित्रांच्या आत शिरतो. खोली, फर्निचर, मित्र सगळे जागच्या जागी गोठलेले असते, आणि जिचा चेहरा त्याला आठवायचा आहे तिचाच चेहरा प्रत्येक छायाचित्रातून त्याने रागाच्या भरात फाडलेला किंवा खोडलेला आहे. तो पाहण्याच्या दिवशी घरातला जुना अल्बम माळ्यावरून खाली काढून ठेवावा, भाग संपल्यावर तो हमखास हवासा वाटतो.